असं कोणी खेळत नाही

बसा जरा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ही ओढून घ्या. तुम्हाला आज एका जळक्या माणसाची गोष्ट सांगतो. आगीत जळलेला नव्हे. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून आतल्या आत धुमसणारा. असले पोत्याने मिळतात म्हणाल, तर मिळतात. पण हा ज्याच्यावर जळत होता तो शेवटी कोण निघाला, ते ऐकण्यासारखं आहे. फक्त मधेच उठायचं नाही.

तर त्याचं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ असतात ना, लढायांचे, डावपेचांचे, तू सैन्य हलव मग मी हलवतो असले, ते बाजारात यायच्या आधी याच्याकडे यायचे. याने ते खेळायचे, कसे आहेत ते लिहायचं आणि खाली दहापैकी एक आकडा द्यायचा. लोक लिहिलेलं वाचत नाहीत, आकडा बघतात आणि विकत घ्यायचं की नाही ते ठरवतात. म्हणजे पगार मिळतो लिहिण्याचा आणि दरारा आकड्याचा. कचेरीत त्याला परीक्षक म्हणायचे. घरी मात्र लहानपणापासून कुकर, कारण त्याची शिट्टी लवकर व्हायची. कोणी काही बोललं की हा तापलाच, आणि तापला की उठून चाललाच.

त्या दिवशी झालं काय, तर काहीच नाही. तो लिफ्टमध्ये उभा होता. शेजारी एक अनोळखी माणूस, हातात डब्याची पिशवी, कानाला फोन. तो माणूस फोनवर कोणाला तरी म्हणाला, "अरे तो पलीकडचा काय खेळतो रे. कॉम्प्युटर आहे असं वाटतच नाही. कोणीतरी बसलंय आत." एवढंच. आणि आपला कुकर दोन मजले आधीच बाहेर पडला. दार बंद झालं, लिफ्ट वर गेली, आणि हा कुठल्यातरी विम्याच्या कचेरीसमोर, पायपुसण्यावर उभा. आतल्या बाईने काचेतून विचारलं, कोण पाहिजे. त्याला सांगता येईना कोण पाहिजे. शिट्टी झाली होती. कारण तो खेळ, ज्याचं नाव 'खिंड' होतं, ज्याला गेल्या दोन दिवसांत जो तो नऊ देत सुटला होता, तो याच्या मावसभावाने केला होता. आणि सगळ्यांचे आकडे येऊन पडले होते, एकट्या याचा राहिला होता.

मावसभाऊ म्हणजे गोगल. खरं नाव गोगलगाय. एक चाल करायला एवढा वेळ लावायचा की मधे मावशी अख्खा परकर शिवून मोकळी व्हायची. पुढे त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला तेव्हा गाय गळून पडली, गोगल राहिलं. सुट्टी लागली की कुकरला रोज दिवसभर मावशीकडे सोडायचे, दोनच गल्ल्या सोडून घर. मावशी कपडे शिवायची. तिची शिवणाची खोली आणि आतली खोली यांच्यामधे एक उंच उंबरठा होता, आणि तो उंबरठा म्हणजे यांची खिंड. बटणं म्हणजे सैन्य. चार भोकांची बटणं पायदळ, दोन भोकांची घोडे, आणि कोटाचं एक जाडजूड तपकिरी बटण म्हणजे सरदार. गोगल आतल्या बाजूला मांडी घालून बसायचा, घर त्याचं होतं. कुकर उंबरठ्याच्या पलीकडे, शिवणाच्या खोलीत, बाहेरच्या दाराजवळ. मावशीने मशीन मारायला घेतलं की फरशी थरथरायची आणि बटणं आपोआप सरकायची. मग भांडण. हा म्हणायचा सरकलं ते सरकलं, भूकंप झाला. तो म्हणायचा पुन्हा मांडू. मावशी म्हणायची, "मांडा नाहीतर सांडा, पण माझं एक बटण हरवलं तर दोघांच्या शर्टांची काढून घेईन."

तर आता तुम्हीच सांगा. खेळ उघडला आणि पहिल्याच डावात डोंगराच्या फटीत एक खिंड, खाली चौकोन चौकोन जमीन, आणि मधेच कुठून तरी घरघर आवाज येऊन ती जमीन हलली, सैन्यं आपोआप सरकली. सगळ्या परीक्षकांनी लिहिलं, काय कल्पना आहे, जमीनच चाल करते. कुकर स्क्रीनसमोर बसून राहिला. अरे, ते मशीन आहे. माझ्या मावशीचं पायाचं मशीन आहे ते. कल्पना कसली बोडक्याची. त्या क्षणी त्याला शिवणाच्या तेलाचा वास आला, अगदी नाकात, आणि पाठोपाठ असा राग आला की हातातला माऊस टेबलावर तीनदा आपटला. सगळं आणलं होतं गोगलने. खिंड आणली, भूकंप आणला, बटणांसारख्या गोल ढाली आणल्या. फक्त जो समोर बसायचा, त्याला तेवढा घरी ठेवला. खेळ संपल्यावर नावं येतात ना वर सरकत, करणाऱ्यांची, आभार मानलेल्यांची, त्यात मावशी होती, कोण कुठला चहावाला होता. हा नव्हता. शत्रूच्या सरदाराला नाव सुद्धा दिलं नव्हतं. नुसता 'पलीकडचा'.

आणि खेळ पाठवला तो सुद्धा कसा, तर कंपनीतल्या प्रसिद्धीवाल्या मुलीने. आदरणीय परीक्षक, आपल्या अभिप्रायाच्या प्रतीक्षेत. गोगलची एक ओळ नाही. हे वाचून कुकरला वाटलं, मोठा झालास बाबा तू. भाऊ आता आदरणीय झाला. खरं तर कुकरने स्वतः तरी कुठे फोन केला होता? चार वर्षं तो ऐकत होता की गोगल काहीतरी करतोय, नोकरी सोडून बसलाय, गाढवपणा करतोय. मनातून बरं वाटायचं. असं बरं वाटणं कोणाला सांगता येत नाही, ते जिभेखाली गोळीसारखं ठेवून द्यायचं असतं. मग एकदम गोळीची चव बदलली. नऊ. नऊ. साडेनऊ. नऊ.

आईचा फोन यायचाच होता, आला. आईला हे सगळं परीक्षेसारखं वाटायचं, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

"त्याला चांगले मार्क पडतायत म्हणे."

"पडतायत."

"मावशी सांगत होती, नव्वद टक्क्यांच्या वर राहिला तर त्याला पुढचा भाग करू देणार आहेत. नाहीतर दुकान बंद करून सगळ्यांना घरी. सहा पोरं आहेत रे त्याच्याकडे कामाला. आता काठावर आहे म्हणाली. एक्क्याण्णव का काहीतरी."

"मला माहीत आहे."

"तुझा पेपर राहिलाय ना तपासायचा?"

"आई, तो पेपर नसतो."

"बरं नसतो. पण नीट तपास हो. तू घाई करतोस. शाळेत सुद्धा मागचं पान न बघता पेपर देऊन यायचास. तो बघ, शेवटची घंटा होईस्तोवर जागचा हलायचा नाही."

तो बघ. आईने अख्ख्या बालपणभर हे दोन शब्द त्याच्या डब्यात घालून दिले होते. तो बघ कसा जेवतो. तो बघ कसा बसतो. तो बघ, चष्मा लागला तरी तक्रार नाही. जणू चष्मा लागणं हेही एक बक्षीस होतं आणि ते गोगलने पटकावलं होतं. कुकरकडे एकच गोष्ट होती जी कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं, आणि ती त्याने फोन ठेवल्यावर खिशातून काढल्यासारखी काढून पुन्हा बघितली: उंबरठ्यावर तो जिंकायचा. नेहमी नाही, पण जास्त तोच. तपकिरी बटण खिंडीतून घुसवायचा आणि गोगलचं सैन्य उधळून द्यायचा, बटणं कपाटाखाली जाईपर्यंत. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं तो बघ.

आकड्यांचं सांगतो. एक जागा असते, तिथे सगळ्या परीक्षकांचे आकडे गोळा करून सरासरी काढतात, आणि खेळांना पैसा घालणारे लोक त्या सरासरीकडे डोळे लावून बसतात. कुकरची जागा मोठी, त्यामुळे त्याच्या आकड्याला वजन. काठावरच्या एक्क्याण्णवात याने सात टाकला की नव्वदच्या खाली गेलंच म्हणून समजा. आणि सात हा आकडा कसा आहे माहीत आहे? पाच दिला तर लोक विचारतात, काय रे, तुझं काही वैर आहे का. आठ दिला तर लोक खेळ घेतात. सात दिला की कोणी काही विचारत नाही. पाहुणा दारात आला की आपण म्हणतो ना, चहा घेऊनच आला असाल, तो सात. वाईट काही बोललो नाही आणि आत काही घेतलं नाही. जळणाऱ्या माणसाला लपायला त्याच्याएवढी चांगली जागा नाही. कुकरने सात आधी लिहिला. मजकूर नंतर. हे त्या धंद्यात पाप आहे, पण करतात सगळे.

मग सातला शोभेल असं काहीतरी शोधायला हवं. खालती दोन चौकटी असतात, आवडलं आणि खटकलं. आवडलं मध्ये त्याने चित्रं, आवाज वगैरे टाकलं. खटकलं मध्ये काय टाकावं? खेळात खोट काढायला जागा नव्हती. एकच गोष्ट त्याला मनापासून खटकली होती, तो पलीकडचा. ज्याला सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते. कुकर त्याच्याशी हरला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तो पलीकडचा धीर धरायचाच नाही. चांगला बसलेला डाव सोडून एकदम डाव्या अंगाने घुसायचा, मागे काही शिल्लक न ठेवता, आणि कुकर त्याच क्षणी स्वतः घुसायला निघालेला असायचा, मग दोघांची टक्कर, आणि कुठल्यातरी एका जास्तीच्या ढालीने तो जिंकायचा. जिंकला की उरलेल्या सैन्याला उगाच इकडेतिकडे उधळायचा. हरायला लागला की डाव अर्धा टाकून निघून जायचा, पडदा काळा. परीक्षक लोक म्हणत होते, इतकी वर्षं कॉम्प्युटरशी खेळलो, पहिल्यांदा कोणीतरी चिडलं. कुकरला त्याचा उबग आला होता. ते उधळणं, ते निघून जाणं, काय पोरकटपणा. त्याने खटकलं मध्ये लिहिलं: शत्रू खोटा वाटतो. असं कोणी खेळत नाही.

संपादकबाईंना संध्याकाळी पाठवून दिलं. त्यांचा फोन आला. बाई तोंडात पेन धरून बोलायच्या, त्यामुळे प्रत्येक वाक्य दातांतून चाळून यायचं.

"सात?"

"सात."

"सगळे नऊ देतायत."

"म्हणून मी पण द्यायचे का?"

"नको देऊस. पण ज्या गोष्टीसाठी सगळे नऊ देतायत तीच तुला खटकली आहे. म्हणजे एकतर तू एकटा शहाणा, नाहीतर… बरं. उद्या दुपारी लावते. सकाळपर्यंत काही बदलायचं असेल तर सांग."

नाहीतर काय ते बाईंनी सांगितलं नाही. कुकर रात्रभर त्या नाहीतरच्या पुढची जागा भरत बसला असेल, कारण सकाळी त्याच्या बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, "झोपेत कोणावर एवढे दात खातोस रे?"

त्याची बायको दातांचे साचे करायची. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवतात, त्यावरून ही कवळ्या बनवायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी कुकरच्या दातांचा एक पांढरा साचा ठेवलेला होता, तिने हौसेने केलेला. दाढा घासून घासून सपाट झालेल्या, फरशीसारख्या. पाहुण्यांना दाखवायची, "हे आमचे साहेब, आतून." त्याला दात झिजू नयेत म्हणून तिने एक मऊ पट्टी करून दिली होती, झोपताना लावायची. तीही त्याने चावून तोडली होती. लोक दातओठ खातात असं आपण नुसतं म्हणतो, याच्या घरात त्याचा पुरावा खिडकीत मांडलेला.

"कोणावर नाही," तो म्हणाला आणि जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला. दुपारपर्यंत वेळ होता. का बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. आपण ज्याला वाईट म्हटलं ते खरंच वाईट आहे का, हे बघायला माणूस जातो. आणि असलं तर बरं, अशी आशा घेऊन जातो. खिंड उघडली. सकाळचं ऊन स्क्रीनवर पडलं होतं, त्यात त्याला डोंगरापेक्षा स्वतःचंच तोंड जास्त दिसत होतं. तो भराभर सैन्य हलवत होता. मागे बायको कप घेऊन उभी राहिली. तिला या खेळांत कधी काडीचा रस नव्हता.

"लिहून झालं ना हे? मग परत कशाला?"

"बघतोय." मोबाईल वाजला, आईचा होता. त्याने तो न उचलता टेबलावर ठेवला. "सगळे वेडे झालेत या एका शत्रूपायी. मला तर वाटतं, गोगलने…"

"हा आता मारणार," बायको म्हणाली.

"कोण?"

"हा, समोरचा."

आणि त्याने मारलं. डाव्या अंगाने, सगळं घेऊन. कुकरची फळी मोडली.

"तुला काय माहीत?"

"झेंडा उलटा केला ना त्याने. तू मोबाईल उलटा ठेवतोस तसा."

"मी कधी ठेवतो?"

"भांडायच्या आधी. कधीपण. मी तेव्हाच समजते, आता निघणार काहीतरी. कचेरीतून तापून आलास की आधी मोबाईल उलटा. जेवताना चिडलास की वाटी उलटी. माझा भाऊ आला होता तेव्हा तू अख्खी बरणी उलटी केलीस, मीठ सांडलं."

"काहीतरी बोलू नकोस. मी असलं काही करत नाही."

तिने नुसतं हनुवटीने टेबलाकडे दाखवलं. मोबाईल पालथा पडला होता. आई त्याच्या पोटाखाली अजून घरघर करत होती.

बायको चहा पिऊन कामाला गेली. तिच्या दृष्टीने काही विशेष घडलं नव्हतं. हा तिथेच बसून राहिला, मोबाईलच्या पाठीकडे बघत, आणि त्याला त्याचा हात दिसायला लागला. मोठा हात नव्हे, लहान, नखांत मळ असलेला, गुडघ्यावर खरचटल्याच्या खपल्या काढणारा. तो हात तपकिरी बटणाकडे जायचा. कोटाच्या त्या बटणाची एक बाजू फुगीर होती आणि एक खोलगट. हल्ला करायच्या आधी तो हात ते बटण उलटं करायचा, खोलगट बाजू वर, एकदाच, आणि मग घुसायचा. का करायचा? काही कारण नव्हतं. हाताला करावंसं वाटायचं. आणि समोर जाड भिंगांमागे ते दोन डोळे. घरचे सगळे समजायचे गोगल बटणांकडे बघतोय, विचार करतोय, चाल शोधतोय. मावशी म्हणायची काय एवढा विचार करतो हा. तो विचार करतच नव्हता. तो बघत होता. पटाकडे नाही, याच्याकडे. या हाताकडे.

पलीकडचा. अरे, कोण बसायचं उंबरठ्याच्या पलीकडे? जिंकल्यावर बटणं कपाटाखाली कोण उधळायचं? हरायला लागलं की डाव टाकून बाहेरच्या दाराने कोण निघून जायचं, चपला हातात घेऊन, घालायचाही धीर नाही? सगळं आणलंय आणि मला तेवढं सोडलं, असं म्हणून तो जळत बसला होता. आणि लोक नऊ देत होते ते यालाच देत होते. जळत होता तो स्वतःवर. बरं, हे कळल्यावर जळणं थांबावं की नाही? नाही थांबलं. उलट आणखी खोल गेलं. कारण मग त्याला ते वाक्य आठवलं, जे दुपारी लागणार होतं. शत्रू खोटा वाटतो. असं कोणी खेळत नाही.

त्याने मजकूर उघडला. सात खोडून नऊ केला. नऊ बघितला आणि ओशाळला; आरशासमोर उभं राहून स्वतःचीच पाठ थोपटावी तसं वाटलं. काल सात दिला तो भाऊ होता म्हणून, आज नऊ देतोय तो मी आहे म्हणून. आठ करून बघितला. आठ म्हणजे तर दोन्हीकडून पळ. पुन्हा सात केला. सातने त्याच्याकडे असं बघितलं की जणू ओळखत नाही. एक ते दहा एवढे आकडे जगात, लोक आयुष्य काढतात त्यांच्यावर, आणि याला द्यायला एकही खरा उरला नाही. एवढ्यात जमीन हलली. खेळ तसाच चालू राहिला होता, घरघर आवाज येत होता, आणि सैन्यं आपली सरकत होती, याला न विचारता.

त्याने संपादकबाईंना फोन लावला.

"ज्याने तो खेळ केलाय तो माझा मावसभाऊ आहे."

पेन तोंडातून निघाल्याचा आवाज आला. "हे तू आज सांगतोस."

"हो."

"आणि काही?"

"तो शत्रू मी आहे."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. बटण, झेंडा, मोबाईल. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सात कोणाला दिलेस, भावाला की स्वतःला?"

बाईंनी मजकूर काढून टाकला. आपल्याकडून या खेळाला आकडा जाणार नाही, म्हणाल्या, आणि तू इथून पुढे डावपेचांचे खेळ तपासायचे नाहीत, शर्यतीच्या गाड्या बघ. गाड्यांत तुझे कोणी नातेवाईक नाहीत ना? बोलणं थट्टेचं होतं पण आवाज थट्टेचा नव्हता. त्याने पंधरा वर्षं कमावलेलं टेबल एका फोनमध्ये गेलं. सरासरी काठावर होती तिथेच राहिली, एक्क्याण्णववर. म्हणजे गोगलचं झालं.

मग त्याने गोगलला फोन केला. वाजत राहिला, वाजत राहिला. गोगल फोन उचलायलाही वेळच लावायचा.

"बोल," गोगल म्हणाला.

"तुझ्या पलीकडच्याला मी ओळखलं नाही. बायकोने ओळखलं."

पलीकडे शांत. कुकरला ही शांतता पाठ होती. तिच्यात मावशीचं मशीन ऐकू आलं असतं तर नवल वाटलं नसतं.

"मी लिहिलं होतं," कुकर म्हणाला, "असं कोणी खेळत नाही म्हणून. छापलं नाही. पण लिहिलं होतं."

मग गोगल हळूच म्हणाला, "मग इतकी वर्षं मी कोणाबरोबर खेळत होतो रे?"

"नाव का नाही घातलंस?"

"काय घालू? कुकर? तू कोर्टात खेचलं असतंस." मग जरा थांबून, "आणि तुला सांगून पाठवला असता तर तू खेळलाच नसतास. निघून गेला असतास."

कुकरच्या हातात मोबाईल होता म्हणून बरं, नाहीतर तो पालथा पडला असता. त्याने टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. विचारू की नको असं झालं. ती एक गोष्ट, खिशातली, कोणी हिरावून घेऊ शकत नाही अशी, तीच विचारायची होती.

"तुला तेव्हा पण कळायचं का? बटण उलटं केलं की?"

"कळायचं."

"पहिल्यापासून?"

"दुसऱ्या सुट्टीपासून."

"मग हरायचास कशाला?"

"तू हरलास की घरी जायचास," गोगल म्हणाला. "मग मी काय, मावशीबरोबर खेळू?" त्याची आई ती, पण कुकरशी बोलताना तोही तिला मावशीच म्हणायचा, लहानपणापासून. "जेवायला बोलवेपर्यंत तुला ठेवायचं असेल तर मधेमधे हरावं लागायचं. ते पण असं की तुला कळू नये. ते लई अवघड होतं. खेळात तेवढंच मला जमलं नाही घालायला."

फोन ठेवल्यावर कुकर खिडकीपाशी गेला. मिठाच्या बरणीशेजारी त्याचे दात होते, सपाट झालेले. तो जळत होता हे खरं, पण आता कशावर ते त्याला पहिल्यांदा नीट कळलं. नऊवर नाही, पुढच्या भागावर नाही, आईच्या तो बघ वर सुद्धा नाही. गोगल लहान असताना, त्या जाड भिंगांतून, कोणाकडे तरी एवढं बघू शकला होता, आणि इतकी वर्षं ते जपून ठेवू शकला होता. कुकरने आजवर शेकडो खेळ बघितले, त्यांना आकडे दिले. कोणाच्या हाताकडे असं बघितलेलं त्याला आठवेना. गोगलचे हात कसे होते? बायको कप कुठल्या हातात धरते? तो तिथे उभा राहून आठवत राहिला.

आता तो गाड्या तपासतो. मला विचाराल तर बरं झालं नाही त्याचं, गाड्यांना तो सगळ्यांना सातच देतो. आणि दुपारी डबा खाताना लोकांचे व्हिडिओ बघतो, खिंडीत पलीकडच्याला कसं हरवायचं त्याचे. आता सगळ्या जगाला माहीत झालंय. कोणीतरी दूरचा पोरगा हसत हसत दाखवतो, हे बघा, झेंडा उलटा केला की समजायचं, दोन पावलं मागे व्हायचं, त्याला आत येऊ द्यायचं आणि घ्यायचा मारून, अगदी सोपा आहे, मूर्ख आहे हा. आणि पलीकडचा येतो बिचारा, सगळं सैन्य घेऊन, मागे काही न ठेवता, आणि मारला जातो. दर वेळी. पडदा काळा होतो. कुकर तेवढ्यापुरता घास चावायचा थांबतो.

तर एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी पोरंबाळं असतील, तुम्ही पण कधी बसाल खेळायला, सांगता येत नाही. तो झेंडा उलटा होईल, तुम्हाला दिसेल, आता तर दिसणारच. तेव्हा एखाद्या वेळी, दर वेळी नको, एखाद्याच वेळी, दिसला नाही असं करा. आणि त्याला कळू देऊ नका.